थंडीतलं पाणी

कुंडीतलं शेवाळ ओलं होतं.

मी बोट बाहेर काढलं, रुमालाला पुसलं आणि शेजारच्या कुंडीत घातलं. ती कोरडी ठणठणीत. तिच्या पलीकडचीही तशीच. पुन्हा पहिलीत बोट खुपसलं. नुसतं दमट नाही, दाबल्यावर नखाशी पाणी जमावं इतकं ओलं. खिडकीच्या काचेवर बाहेरून धुकं चिकटलं होतं आणि आतून घराची ऊब. मला कामावर जायला उशीर होत होता. एक बूट पायात होता, दुसरा हातात. कुंडीतल्या मूठभर शेवाळापाशी कुणी असं अडकून राहू नये. पण मी राहिले. कारण ते दिवस ऐन थंडीचे होते, कुंडी आईची होती, आणि थंडीत त्या कुंड्यांना पाणी घालायचं नसतं, हे आमच्या घरात मला चालायला यायच्या आधीपासून ठरलेलं होतं.

मातीऐवजी सुक्या शेवाळात लावलेली ही ऑर्किडं वर्षातले काही महिने झोपतात. थंडीची चाहूल लागली की त्यांची पानं पिवळी पडतात, गळतात, आणि मागे उरतात ते नुसते कंद, अंगठ्याएवढे जाड, सुरकुतलेले, कागदासारख्या सालींत गुंडाळलेले. बघणाऱ्याला वाटतं, गेलं झाड. या काळात मुळं पाणी पीत नाहीत. घातलेलं पाणी तसंच साचून राहतं आणि कंद खालून, कुणाला न दिसता, सडायला लागतो. म्हणून घालायचं नाही. इतकं साधं आहे. पण इतकं साधं असूनही ते कुणाला जमत नाही, असं आई म्हणायची. सुरकुतलेलं काही दिसलं की माणसाचा हात आपोआप झारीकडे जातो. "ती काही माया नव्हे. आपल्याला बरं वाटावं म्हणून घातलेलं पाणी असतं ते," असं तिचं म्हणणं. लहानपणी मी एकदा बाहुलीच्या कपातून त्या कंदांना पाणी पाजत होते, तेव्हा तिनं माझ्या हातावर फटका मारला होता. तिनं मला मारलेला तो एकच फटका, म्हणून लक्षात राहिला. आई छापखान्यात मुद्रितं तपासायची. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात गेलं, आणि ती निवृत्त झाली तरी तिची नजर निवृत्त झाली नव्हती. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, लिफ्टमधली सूचना, माझं बोलणं, काहीही तिच्या तावडीतून सुटत नसे. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, त्या दिवशी गाडीतून कपड्यांच्या बॅगांआधी कुंड्या उतरल्या होत्या. अशा बाईनं ऐन थंडीत झोपलेल्या कुंडीत पाणी घालावं, म्हणजे... मी ते वाक्य तिथेच सोडलं आणि दुसरा बूट घातला.

नवरा खाली गाडीत वाट बघत होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तो जेवताना, सिनेमा बघताना, झोपेतसुद्धा मधूनच उजवा पाय दाबतो. मी बसल्या बसल्या विचारलं, "तू कुंडीत पाणी घातलंस?"

"कुठल्या कुंडीत?"

"आईच्या."

"त्या कांद्यांना? माझी काय बिशाद!" तो हसला. "मागे एकदा नुसती धूळ झटकली तर तुझ्या आईनं अशा नजरेनं पाहिलं, की मी आपला पाय दाबून बसलो. का? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. रस्त्यावर दिवे अजून चालू होते. घरात आम्ही तिघंच. त्याला वगळलं की दोघी उरतो, आणि मला मी पाणी घातल्याचं आठवत नव्हतं. हे वाक्य मनात तयार झालं तेव्हा मी त्याकडे नीट पाहिलं नाही. त्यातला खड्डा मला पुढे बऱ्याच दिवसांनी दिसला.

मी औषधं बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एक खोली आहे, तिथे गोळ्या म्हाताऱ्या करतात. ठरावीक उष्णता आणि ठरावीक दमटपणा असलेल्या कपाटांत त्या ठेवायच्या, ठरल्या वेळी काही बाहेर काढायच्या आणि त्यांच्यात किती बिघाड झाला ते मोजायचं. नवीन माणसं आली की प्रत्येक जण आधी गोळीकडे बघतो, रंग बदलला का, डाग पडला का. मी सांगते, डोळ्यांना दिसेल तेव्हा फार उशीर झालेला असतो. बिघाड सुरू होतो तो गोळी पांढरीशुभ्र, गुळगुळीत, नव्यासारखी दिसत असताना. आणि हेही सांगते, की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि माझ्या तोंडी इतकी बसली आहेत, की त्या दिवशी कपाटाचं दार उघडून आतल्या कोमट हवेत हात घालेपर्यंत मला कळलं नव्हतं, की ती दोन वाक्यं एकमेकांच्या झिंज्या उपटू शकतात. एक म्हणत होतं, थांब. दुसरं म्हणत होतं, थांबलीस की वेळ गेली. मी गोळ्या काढल्या, चिठ्ठ्या लावल्या, आणि मागचे महिने हातात घेऊन उलटेपालटे करून बघू लागले. आईनं पावाचा डबा कपड्यांच्या कपाटात ठेवला होता, पण तेव्हा फोन वाजला होता आणि ती तशीच बोलत बोलत आत गेली होती. असं कुणाचंही होतं. तिनं मला छापखान्याच्या मालकाची गोष्ट सांगितली, पुन्हा सांगितली. पण ती गोष्ट ती माझ्या लहानपणापासून पुन्हा पुन्हा सांगते. जिन्यात शेजारीण भेटली तेव्हा आई तिच्याशी फार गोड बोलली, आणि वर आल्यावर म्हणाली, "कोण गं ती?" पण शेजारणीनं केस कापले होते. प्रत्येक गोष्टीला एक पण होता. मला ते सगळे पण हवे होते, आणि ते इतके सहज मिळत होते म्हणूनच त्यांची भीती वाटत होती.

मग मी तिच्यावर पाळत ठेवायला लागले. पाळत हा शब्द मला तेव्हा सुचला नव्हता. मी त्याला लक्ष ठेवणं म्हणत होते. संध्याकाळी चहा घेताना सहज विचारल्यासारखं विचारायचं, "आई, आपण त्या डोंगरावरच्या खोलीत राहिलो होतो, ते कोणत्या वर्षी गं?" ती वर्ष सांगायची, महिनाही सांगायची, वर खोलीतल्या पडद्यांचा रंग सांगायची आणि म्हणायची, "तुला कसं आठवणार? तू सारखी ओकत होतीस." मला हायसं वाटायचं, ते रात्रीचं जेवण होईपर्यंत टिकायचं. जुनं आठवणं हा काही पुरावा नव्हे, हे मला कुठेतरी वाचलेलं माहीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी नवं विचारायचे. काल काय जेवलो? दुपारी कुणाचा फोन आला होता? एकदा तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "काय गं, तू माझी परीक्षा घेतेस का?"

"नाही गं. असंच."

"मग मी घेते तुझी. झोप होते का नीट?"

"होते की."

"कामात चुका होतात का हल्ली?"

"नाही. का?"

"असंच," आई म्हणाली, माझाच शब्द माझ्या बशीत ठेवावा तशी.

मी मधल्या काळात ती कुंडी उपसली होती. रजेचा दिवस होता, आई दुपारची झोपली होती. मोरीत कागद पसरून मी शेवाळ मोकळं केलं. पुढचा कंद, सगळ्यात जाड आणि तरुण, ज्याच्यावर पुढच्या वर्षाची सगळी मदार असते, तो वरून छान टणक दिसत होता. अंगठा बुडाशी नेला तर तो आत गेला. आत तपकिरी लगदा आणि ओल्या फडक्यासारखा वास. मी ब्लेड गॅसवर तापवून गार केलं आणि कापत गेले. आतला गर स्वच्छ लागेपर्यंत कापायचं असतं. तो लागेपर्यंत सबंध कंद गेला. मागे जुने, बारके, सुरकुतलेले दोन राहिले. कापल्या जागेला दालचिनीची पूड लावली; बुरशी धरू नये म्हणून आईच ती लावायला शिकवते. जुने कंद कोरड्या शेवाळात पुन्हा बसवले, कुंडी जागेवर ठेवली, तिचं तोंड भिंतीकडे केलं. हात साबणानं दोनदा धुतले. चहाच्या वेळी आई म्हणाली, "दालचिनीचा वास येतोय." मी म्हटलं, हाताला लावायचं नवीन क्रीम आहे. जिच्या नजरेतून काही सुटत नाही, ती खिडकीशी जाऊन कुंड्या बघून आली आणि काहीच बोलली नाही. मोठा कंद नाहीसा झाला होता आणि तिला ते दिसलं नव्हतं. माझ्या मनात जी पाल अधूनमधून चुकचुकत होती, ती आता थांबेचना.

धाकट्या भावाला फोन केला. तो दूर राहतो, तिथे आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ. त्यानं सगळं ऐकून घेतलं. चमचा कपावर आपटल्याचा आवाज येत होता. "ताई, एका कुंडीवरून?"

"एका कुंडीवरून नाही. कंद दिसला नाही तिला."

"मला अख्ख्या कुंड्या दिसत नाहीत कधी. माझं काय?"

"तू तसलाच आहेस जन्मापासून. आई तशी नव्हती."

तो हसला. "डॉक्टरांकडे ने मग."

"काय सांगून नेऊ?"

"खरं सांग."

"तू सांग."

"मी इतक्या लांबून? फोनवर?" तो म्हणाला. खरं सांगायचं तर माझ्याजवळ खरं नव्हतंच. एक ओलं बोट होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडून बाई म्हणाली, रुग्णाचं नाव? मी फोन ठेवून दिला. आईला रुग्ण म्हणणारी पहिली व्यक्ती मला व्हायचं नव्हतं.

त्यानंतर एकदा घरी येताना, सिग्नलला गाडी थांबली असताना, नवरा मान हलवून हसायला लागला. म्हणाला, "तुम्ही दोघी मायलेकी म्हणजे कमाल आहात. आई आज मला काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, तिला जरा सुट्टी घ्यायला लावा, फार ताण आहे तिच्यावर. थंडीत कुंडीत पाणी घातलं तिनं. मग कंद सडला म्हणून घाबरली, चोरून कापला, दालचिनी लावली आणि कुंडी फिरवून ठेवली. मी मुद्दाम काही बोलले नाही, म्हणाल्या. दमलीय पोर."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. म्हणजे आईला सगळं दिसलं होतं. वास, कंद, फिरवलेलं तोंड, सगळं. एकही गोष्ट सुटली नव्हती. त्या सगळ्यावरून तिनं जो निष्कर्ष काढला होता, तो माझ्याइतकाच नीट होता, फक्त त्यात माणूस वेगळं होतं. मला आधी इतकं हलकं वाटलं की मी खिडकीची काच खाली करून थंड हवा तोंडावर घेतली. आणि मग, घर यायच्या आत, तो खड्डा दिसला. मला पाणी घातल्याचं आठवत नव्हतं. तिलाही आठवत नव्हतं. न आठवणं हा तर दोघींचाही जबाब होता. तो मी माझ्यासाठी निर्दोष असण्याचा पुरावा धरला होता आणि तिच्यासाठी आजाराचा. मी कोणत्या अधिकारानं? मला झोप खरोखरच लागत नव्हती. मागच्याच आठवड्यात मी एका कपाटातल्या गोळ्या दुसऱ्या कपाटाच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या, सहायकानं दाखवलं म्हणून कळलं. कदाचित मीच, अर्धवट झोपेत, पाण्याचा पेला हातात असताना, ते सुरकुतलेले कंद बघून... हात आपोआप जातो, असं तीच म्हणायची. त्या रात्रीपासून मी दोघींवर लक्ष ठेवू लागले. गॅस बंद केला की मोठ्यानं म्हणायचे, बंद केला. कुलूप लावलं की ओढून बघायचे. आई माझ्याकडे बघायची, मी आईकडे बघायचे, आणि आमच्या मधे बसून नवरा मुकाट्यानं पाय दाबायचा.

दिवस हळूहळू लांबले. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढलं. एके सकाळी आईनं मला हाक मारली, ती अशी की मी हातातलं भांडं टाकून धावले. ती भिंतीकडे तोंड केलेल्या त्याच कुंडीपाशी वाकली होती. जुन्या, बारक्या कंदाच्या बुडाशी हिरवा ठिपका होता. मोहरीपेक्षा थोडा मोठा, ओला वाटावा असा चकचकीत. "बघ," आई म्हणाली. "तुला वाटलं असेल गेलं." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, मला माफ केल्यासारखा. मी तो हात फिरू दिला.

"आता घालायचं ना पाणी?" मी विचारलं. उत्तर मला पाठ होतं. मला ते तिच्याकडून ऐकायचं होतं.

"वेडी का काय! आता तर मुळीच नाही. थंडीत न घालणं सोपं गं, मेल्यासारखंच असतं ते. आता ते मागतंय असं वाटतं, आणि तरी द्यायचं नाही. कोंबाला स्वतःची मुळं फुटू देत, बोटभर होऊ देत. आधी ओतलंस तर कोंबातच पाणी साचून तो कुजतो. लोक इथे हरतात. थंडी निभावून नेतात आणि इथे हरतात." बोलताना तिचे डोळे असे लखलखत होते, की मला थंडीभराच्या माझ्या शंकांची लाज वाटली. पण सकाळी ती उठायच्या आधी मी कुंडीत बोट घालून बघायचे, ते काही सुटलं नाही. कोंब वर आला, उलगडला, त्याला पंख्यासारखी पानं धरली. माझा जीव टांगणीला. रोज कोरडं लागलं की देवाचे आभार मानावेत असं वाटायचं, आणि देवाशी माझं तसं काही जाणंयेणं नाही. मग मुळं दिसली. चंदेरी पांढरी, टोकाशी हिरवट, शेवाळावरून खाली चाचपडत निघालेली.

मला आणि नवऱ्याला सुट्टी होती त्या सकाळी आईनं चष्मा लावून मुळाशेजारी आपलं बोट धरलं आणि म्हणाली, "झालं." तिनं मला शेजारी उभं केलं. झारीत कोमट पाणी भरून आणलं आणि एका हातानं पान बाजूला धरून कुंडीच्या कडेकडेनं ओतत गेली. पाणी वरून आत शिरलं, क्षणभर काहीच झालं नाही, मग खालच्या भोकांतून थेंब थेंब, मग धार. "मुळांकडे बघ," ती म्हणाली. पांढरी मुळं डोळ्यांदेखत हिरवी होत होती. "कोरडी असली की पांढरी, भिजली की हिरवी. पाणी घातलं का, हे विचारायला नको कुणाला. मूळच सांगतं." मी हसले. किती महिन्यांनी मला पोटातून हसू आलं होतं. एका ओल्या बोटावर मी एवढा मोठा आजार उभा केला होता. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. आई झारी घेऊन आत गेली. मी बाल्कनीत दोरीवर कपडे टाकायला लागले. बाहेर नवरा जिन्याच्या पायरीवर बसून बुटांना ब्रश मारत होता, त्याचा सपक सपक आवाज येत होता. टॉवेल झटकून मी मागे वळले, तर दारात आई. हातात भरलेली झारी. चेहऱ्यावर तोच मघाचा आनंद, तसाच्या तसा, एक सुरकुती इकडची तिकडे नाही.

"अगं, इथे काय करतेस? चल, आज पहिलं पाणी. तुझ्यासाठी थांबलेय."

मी तिच्या मागून गेले. ती वाकली, एका हातानं पान बाजूला धरलं, झारी कलती केली आणि थांबली. चष्मा वर ढकलला. मुळांकडे पाहिलं, छापखान्यातल्या कागदाकडे बघायची तसं, ओळीच्या सुरुवातीपासून. मग झारी सरळ केली.

"हे भिजलेलं आहे."

"हो."

"तू घातलंस?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ती विश्वास ठेवायला तयार होती. थंडीभर तिनं तेच तर धरून ठेवलं होतं. मी हो म्हटलं असतं तर दमलेली पोर मी राहिले असते, आणि ती ती राहिली असती. नळ नीट बंद झालेला नव्हता, त्याचा आवाज येत होता.

"तू घातलंस, आई," मी म्हटलं. "आत्ताच. मी शेजारी उभी होते."

तिनं आपल्या बाहीकडे पाहिलं. बाही मनगटाशी भिजलेली होती. ती तिनं दोन बोटांत धरून दाबून बघितली. मग ती मनातल्या मनात मागे मागे जायला लागली, मला ते दिसत होतं. एक चूक सापडली की आधीची पानं पुन्हा काढून बघतात, तशी.

"मग थंडीतलंही," ती म्हणाली.

"ते मी पाहिलं नाही गं. मला माहीत नाही."

"तू घातलं नव्हतंस ना पण?"

"मला वाटत नाही."

"आणि जावई हात लावत नाहीत."

"नाही."

"मग झालं की." ती खिडकीखालच्या स्टुलावर बसली, झारी मांडीवर घेऊन. बाहेरचा ब्रश थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. ती म्हणाली, "डॉक्टरांना फोन केलास?"

"केला होता. ठेवून दिला."

"परत कर." चुकीच्या जागी काट मारावी तशी ती बोलली, निश्चित, न रागावता. "आणि नीट ऐक. पुढच्या थंडीत मला या खिडकीपाशी येऊ द्यायचं नाही. मी चिडले तरी. तुला वाट्टेल ते बोलले तरी."

"बरं."

"बरं नको. हो म्हण."

"हो."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो आता माफ करणारा नव्हता, नुसता जड होता. मग माझ्याच डोक्याचा आधार घेऊन ती उठली. झारी उचलली, पान बाजूला धरलं.

"आणि आत्ता?" मी विचारलं.

"आत्ता काय! आत्ता वाढीचे दिवस. खाली भोकं आहेत, जास्तीचं निथळून जातं." तिनं झारी कलती केली. "आत्ता घालू दे मला. आणि मी परत विचारलं, तर आज पहिलंच आहे म्हण."